लग्नाला वाजवणारी माणसं हवीत

तुळशीचं लग्न आटोपलं की परभणी जिल्ह्यात घरोघर लग्नाच्या बैठकी सुरू होतात. जिंतूर असो की सोनपेठ, सेलू असो की पालम, बैठकीचा क्रम सारखाच. आधी तिथी, मग कार्यालय, मग आचारी, मंडप, पत्रिका, फोटोवाला. मानपानाच्या साड्यांवर अख्खी दुपार जाते. वाजवायचं काय, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी निघतो आणि एका वाक्यात मिटतो: डीजे सांगून टाका. नवरदेवाचा एखादा मित्र फोन लावतो, इसार पाठवतो आणि घरातली मोठी माणसं त्या विषयातून मोकळी होतात. लग्नाच्या दिवशी जो आवाज सगळ्या गावाचा ताबा घेणार, त्याचा विचार घरात कोणीच केलेला नसतो.

मला या सवयीची चीड आहे. तिला आधार देणाऱ्या मताची त्याहून जास्त आहे. ते मत असं: डीजेशिवाय लग्नाला रंग नाही. तरुण पोरांना तेच हवं असतं आणि पोरं नाचली नाहीत तर वरात कसली? बँड, सनई, हलगी, संबळ ही आजोबांच्या काळातली वाद्यं, ती वाजवणारेही आता राहिले नाहीत. डीजे स्वस्तात पडतो. जुनी वाद्यं जातीची आठवण करून देतात, यंत्राला जात नसते. आणि त्रासाचं म्हणाल तर प्रश्न एका दिवसाचा आहे. लग्न आयुष्यात एकदा होतं, शेजाऱ्यांनी तेवढं सोसावं.

हे मत मी मुद्दाम दुबळं करून मांडलेलं नाही. बैठकीत, पारावर, चहाच्या हॉटेलात ते याच शब्दांत आणि याच खात्रीने ऐकू येतं. त्यातला एकही मुद्दा तपासून पाहिला तर टिकत नाही.

‘लोकांना हेच हवं असतं.’ यातले लोक कोण? पत्रिका हजार माणसांना वाटलेल्या असतात. डीजेच्या गाडीपुढे नाचतात ती तीस-चाळीस पोरं. उरलेली माणसं कुठे असतात? ती मंडपात हातात अक्षता घेऊन बसलेली असतात. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी साडेबाराचा छापलेला असतो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या पारावरून निघतो, कार्यालयाच्या दाराशी येऊन थांबतो आणि गाडी तिथून हलत नाही. आणखी एक गाणं, मग आणखी एक, असं करत दोन वाजतात, तीन वाजतात. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचं ऊन काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हात पत्र्याखाली लेकुरवाळ्या बायका ताटकळतात. मधुमेहाची गोळी घेतलेला म्हातारा जेवणाची वाट बघतो. खेड्यातून पहाटेच्या एसटीने निघालेली आजी भोवळ येऊन भिंतीला टेकते. मुलीचा बाप मुहूर्त टळताना बघतो आणि बोलू शकत नाही, कारण तो मुलीचा बाप आहे. यांतल्या कोणाला विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? तीस-चाळीस माणसांची हौस हजार माणसांची इच्छा म्हणून खपवली जाते, याला लोकांची आवड म्हणायचं का?

आणि बायकांचं काय? हळद, घाणा, मुहूर्ताचं दळण, तेलफळ हे सगळे विधी बायकांच्या आवाजावर उभे होते. संत जनाबाईचं गंगाखेड याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर आहे. दळता-कांडताना गाणाऱ्या बाईला इथे संतपण मिळालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आपल्या शेजारच्या माजलगावात, भीमनगर वस्तीतल्या बायकांनी त्या संग्रहासाठी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. अशी गाणारी बाई आपल्या प्रत्येक गावात होती, काही गावांत आजही आहे. हळदीच्या संध्याकाळी दारात डीजे उभा राहिला की तिचा आवाज तिच्या शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकू येत नाही. वरातीत गाडीपुढे पोरींनी नाचावं असं वातावरणही नसतं. ज्या घरात लग्न आहे त्या घरातल्या निम्म्या माणसांना गप्प करणारं वाद्य सगळ्यांच्या आनंदाचं कसं?

‘तरुणांना जुन्या वाद्यांचा कंटाळा आहे.’ हा मुद्दा तर डीजेवालाच खोटा ठरवतो. वरातीत सगळ्यांत जास्त मागणी कशाला असते? ‘हलगी मिक्स’ला, ‘संबळ मिक्स’ला. अजय-अतुल यांना ‘जोगवा’ चित्रपटाच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या संगीताचा कणा देवीच्या जागराची वाद्यं आणि जागराचा ठेका हाच आहे. त्या गाण्यांवर आजची पोरं बेभान होतात. म्हणजे त्यांचे पाय हलगीवर, संबळावर, ढोल-ताशावरच उठतात. फरक एवढाच की त्यांच्यासमोर हलगी वाजवणारा माणूस नसतो, त्याची ध्वनिफीत असते. समोर खरा हलगीवाला उभा केला, त्याने नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून ठेका चढवला, पोरगं थकलेलं बघून सम सोडली, पुन्हा उचलली, तर तीच पोरं जास्त नाचतात. ध्वनिफीत कोणाकडे बघत नाही. वाजवणारा माणूस बघतो, आणि वरात रंगते ती त्या बघण्यामुळे.

जुनी वाद्यं म्हणजे जुनी गाणी, हाही समज चुकीचा आहे. बँडवाले या महिन्यात गाजणारं गाणं पुढच्या महिन्यात क्लॅरिनेटवर बसवतात, बेंजो पार्टी त्याहून लवकर बसवते. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभासाठी सूट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ स्पष्टपणे धरलेले आहेत. लग्नात गाणं वाजवण्यासाठी स्वामित्वधन मागता येत नाही, हे केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ च्या जाहीर सूचनेत पुन्हा सांगितलं. कोणतंही नवं गाणं, कोणत्याही वाद्यावर, तुमच्या दारात वाजू शकतं. मग अडचण गाण्यांची नाही. आपण वाजवणाऱ्याला बोलावत नाही, ही अडचण आहे.

‘डीजे स्वस्तात पडतो.’ किंमत सांगताना गाडीचं भाडं तेवढं सांगितलं जातं. जनरेटर वेगळा, डिझेल वेगळं, लाईट वेगळे, ठरलेल्या वेळेनंतरचा प्रत्येक तास वेगळा. शेवटच्या हिशोबात आकडा कुठे जातो, हे ज्याने पैसे दिले त्याला विचारा. तरी क्षणभर मानू की डीजे स्वस्त आहे. ज्या लग्नात ड्रोन उडतो, नवरा-नवरीच्या पायाखाली धुराचे ढग सोडले जातात, तिथे काटकसर फक्त वाजवणाऱ्या माणसाच्या पोटावर का आठवते? डीजेच्या गाडीवर चार-पाच माणसं असतात. मोठ्या बँडमध्ये पंधरा-वीस असतात आणि प्रत्येकामागे एक घर असतं. ही माणसं मानवतची, पाथरीची, पूर्ण्याची असतात. त्यांना दिलेला पैसा इथल्या किराणा दुकानात आणि इथल्या शाळेच्या फीमध्ये जातो. सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून आहे, असं आपण वर्षभर म्हणतो. बाहेरून मोठमोठ्या सिस्टिम मागवून जिल्ह्यातला पैसा बाहेर घालवताना ते आपल्याला का आठवत नाही?

‘वाजवणारे राहिलेच नाहीत.’ हे वाक्य ज्यांनी कोणाला शोधलं नाही ती माणसं सर्वांत जास्त बोलतात. लग्नानंतर गोंधळ घालणारी कुटुंबं या जिल्ह्यात आजही आहेत. त्यांच्या अंगणात चौक भरला जातो, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणं वाजतं. ज्यांचं कुलदैवत खंडोबा, त्यांच्याकडे वाघ्या-मुरळी जागरण करतात. गोंधळाच्या आख्यानासाठी महाराष्ट्रभर नाव झालेले राजाराम कदम परभणीचेच. देवीच्या नावाने रात्रभर गोष्ट सांगून, गाऊन, हसवून माणसं धरून ठेवणारी ही विद्या आपल्या मातीतली आहे. तेराव्या शतकात शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला, म्हणजे याच मराठवाड्यात. वाद्यांचा इतका जुना अभ्यास झालेल्या मुलखात वाजवणारे मिळत नाहीत, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? वाजवणारे आहेत. त्यांना वर्षातून एक-दोन सुपाऱ्या मिळतात, म्हणून ते ऊसतोडीला जातात, पुण्याला मजुरीला जातात. त्यांची मुलं वाद्य हातात घेत नाहीत. आधी आपण त्यांना बोलावणं बंद केलं आणि आता ते उरले नाहीत अशी तक्रार करतो. कारण आणि परिणाम यांची ही उलटापालट मान्य करता येणार नाही.

आता जातीचा मुद्दा. विरोधी बाजूचा हा एकच मुद्दा मला गंभीर वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. हलगी, डफ, सनई ही वाद्यं मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर मातंग समाजाच्या हातात होती. ती वाजवणं ही गावकीची सक्ती होती. बदल्यात मिळायचं बलुतं, तेही दुरून टाकलेलं. सवर्णांच्या लग्नात वाजवायचं, पण मंडपात यायचं नाही. पंगती उठल्यावर उरलेलं खायचं. हा अन्याय होता आणि तो मोडायलाच हवा होता. जातीने लादलेली गावकीची कामं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते याचसाठी. ज्या घरांनी वाद्य खाली ठेवलं त्यांनी स्वाभिमानासाठी ठेवलं. त्यांना कोणी दोष देऊ नये.

पण यातून डीजेचं समर्थन कसं निघतं? ज्या चळवळीने बलुतं झुगारलं तिनेच गाण्याला सर्वांत मोठं केलं. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले. ढोलकी आणि पेटी घेऊन गाणाऱ्या भीमगीतांच्या पार्ट्या आजही परभणी-नांदेडकडच्या बौद्ध लग्नांत रात्र जागवतात. मातंग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं आणि डफाला लढ्याचं वाद्य बनवलं. त्यांनी वाद्य टाकलं नाही, त्यामागची लाचारी टाकली. अन्याय हलगीत कधीच नव्हता. सक्तीत होता, बलुत्यात होता, मंडपाबाहेरच्या जेवणात होता. मग उपाय काय? ठरलेली रक्कम आगाऊ द्या. करार कागदावर करा. वाजवणाऱ्याला वऱ्हाडाच्या पंगतीत बसवा. ज्याला वाजवायचं नाही त्याच्यावर जुन्या नात्याचा दाब टाकू नका आणि ज्या कोणाला शिकायचं आहे त्याला, कोणत्याही जातीचा असो, शिकू द्या. हे सगळं करायचं सोडून वाजवणारा माणूसच हटवायचा आणि त्याच्या जागी गाडी आणायची, यातून जात संपत नाही. जातीने ज्यांना कला दिली आणि मान नाकारला, त्यांच्या हातचं काम तेवढं जातं.

यंत्राला जात नसते, हेही पूर्ण खरं नाही. कोणत्या वस्तीपुढे कोणतं गाणं लावायचं, कोणत्या मशिदीपुढे आवाज चढवायचा, कोणाच्या पुतळ्यापाशी गाडी अडवायची, हे यंत्र चालवणारी टोळकी ठरवतात. वरातीतल्या भांडणांची सुरुवात कितीदा एका गाण्यावरून होते, हे प्रत्येक पोलीस ठाण्याला ठाऊक आहे. आपल्याकडच्या बँडमध्ये मुसलमान क्लॅरिनेटवाला आणि मातंग ढोलवाला खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सनईला मंगलवाद्य म्हणून देशभर पोहोचवणारे बिस्मिल्ला खाँ मुसलमान होते, त्यांना २००१ साली भारतरत्न मिळालं. हिंदू लग्नाच्या दारात मुसलमान सनईवाल्याने फुंकर घालावी, ही आपल्या गावांची साधी, रोजची गोष्ट होती. आज त्याच बिस्मिल्ला खाँची सनई कार्यालयात पेनड्राइव्हमधून वाजते आणि गावातला सनईवाला घरी बसतो. जोडणारं काम माणसांकडून काढून घ्यायचं आणि तोडायला सोपं असं यंत्र पोरांच्या हाती द्यायचं, याला आधुनिकपणा म्हणता येईल का?

‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे.’ एक दिवस तुमच्यासाठी. परभणीच्या वसमत रोडवर, जिंतूर रोडवर कार्यालयाच्या शेजारी राहणाऱ्याला प्रत्येक तिथी हा तोच एक दिवस असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या घरात दहावी-बारावीचं पोरगं अभ्यासाला बसलेलं असतं. रस्त्याच्या पलीकडे दवाखाना असतो, त्यात आदल्या रात्री जन्मलेलं मूल असतं. त्यांनी सोसावं असा हुकूम सोडण्याचा अधिकार यजमानाला कोणी दिला?

कायद्याने तर नक्कीच दिलेला नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यात आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो वाजवता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे ठणकावून सांगितलं. दुसऱ्याच्या कानावर जबरदस्तीने आवाज आदळण्याचा हक्क कोणालाही नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

डेसिबलचे आकडे छोटे दिसतात म्हणून ते समजून घ्यायला हवेत. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. ७५ वरून १०५ वर गेलो तर ती हजारपट होते. वरातीच्या गाडीपुढे आवाज शंभराच्या पार जातो. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेसाठी अमेरिकेच्या निओश या संस्थेने ठरवलेल्या मर्यादेत ८५ डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली. आपल्याकडे बाप तीन वर्षांच्या लेकराला खांद्यावर घेऊन त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तास-दीड तास नाचतो. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ते पोर मोठं झाल्यावर वर्गात शेवटच्या बाकावर शिक्षकांचं बोलणं ऐकू येईना, तर त्याला जबाबदार कोण?

‘ढोल-ताशाही कानठळ्या बसवतो,’ असं यावर सांगितलं जातं. बसवतो, आणि त्यालाही मर्यादा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या बंदीत वाद्यंसुद्धा आली. रात्री दहानंतर उघड्यावर ढोलही वाजू नये, असंच मी म्हणेन. पण दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. ढोल वाजवणाऱ्याचे हात भरून येतात, क्लॅरिनेटवाल्याचा दम सरतो, म्हणून थांबणं त्यांच्या वाजवण्यातच असतं. डीजेला दम लागत नाही. आणि बेसचा आवाज भिंती ओलांडतो. पन्नास हर्ट्झच्या एका ध्वनितरंगाची लांबी जवळजवळ सात मीटर असते, त्यामुळे खिडक्या लावल्या, दार लावलं तरी तो आत येतो. छाती हादरते, भांडी हादरतात, पत्रे हादरतात. सनईचा सूर दूर जाता जाता विरतो आणि मागे गोडवा ठेवतो. बेस घरात शिरतो आणि घरच्यांना बाहेर काढतो.

‘डीजेवाल्यांचं पोट आहे.’ आहे, आणि ती पोरं आपलीच आहेत. पण त्यांचा गळा कोणी आवळला? मोठ्या आवाजाच्या शर्यतीने. गेल्या वर्षी घेतलेली सिस्टिम यंदा छोटी ठरते, म्हणून पुन्हा कर्ज, पुन्हा नवे बेस, पुन्हा नव्या शार्पी लाईट. शेजारच्या तालुक्यातून आणखी मोठी गाडी आली की याची सुपारी जाते. पोलिसांनी यंत्र जप्त केलं की हप्ता थकतो. आवाजाची मर्यादा सर्वांना सारखी लागू झाली तर ही शर्यत थांबेल आणि सर्वांत आधी त्याचीच सुटका होईल. चांगला साउंडवाला लग्नाला हवाच असतो. गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जावा, मंगलाष्टकं नीट ऐकू यावीत, पेटी ढोलकीखाली दबू नये, हे कसबाचं काम आहे. ते करणाऱ्याला चांगले पैसे द्या. माझा विरोध त्याच्या धंद्याला नाही, त्याला ढकलत नेणाऱ्या आपल्या मागणीला आहे.

शेवटचा बचाव ठरलेला असतो: पाहुणे नावं ठेवतील. २०२५ मध्ये पुणे, अहिल्यानगर या भागांत मराठा समाजाच्या बैठकांनी लग्नाची आचारसंहिता ठरवली. त्यात डीजे नको, पारंपरिक वाद्यं हवीत, हे स्पष्टपणे आलं. म्हणजे ज्यांच्या नावं ठेवण्याला आपण भीत होतो तेच लोक आता डीजेला नावं ठेवू लागले आहेत. पण बैठकीत हात वर करणं सोपं. ‘डीजे नको’ एवढ्यावर थांबलं तर ऐनवेळी पोरं गाडी आणतातच. घरच्या माणसांनी वेळेत ठरवायला हवं की काय हवं आहे, आणि ते ठरवणं मोठ्यांचं काम आहे.

ते कसं ठरवायचं, हेही सांगतो, कारण ‘माहितीच नाही’ ही सबब उरू नये. तिथी निघाली की कार्यालयासोबतच वाजवणाऱ्यांचा विचार करा. चांगल्या पार्ट्या दाट तिथींना आधीच गुंततात. आचारी ठरवताना आपण त्याच्या हातचं खाऊन बघतो, तसंच वाजवणाऱ्याला ठरवण्याआधी कुठल्या तरी लग्नात उभं राहून ऐका. मोबाइलवरची चित्रफीत पुरेशी नाही. ज्याने ती ऐकवली तोच मास्टर आणि त्याचीच माणसं येणार का, हे विचारा. किती जण, कोणती वाद्यं, किती वाजता येणार, किती तास वाजवणार, प्रवासखर्च कोणाचा, पाऊस आला किंवा मुहूर्त लांबला तर काय, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. इसार द्या, पावती घ्या, उरलेले पैसे वाजवणं संपताच हातात द्या. ओवाळून टाकलेल्या नोटा म्हणजे मजुरी नव्हे, हे लक्षात ठेवा.

लग्नाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळं संगीत लागतं, एकाच प्रकाराने सगळं भागत नाही. हळदीला बायकांचं गाणं, सोबत एक ढोलकी आणि लागलाच तर एक छोटा माइक. परण्याला बँड किंवा हलगी-ताशा, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या वेळेत. मंडपात सनई. मुहूर्ताच्या आधी अर्धा तास सगळी मोठी वाद्यं बंद, हे मास्टरला आधी सांगून ठेवा. तो ऐकेल, कारण त्याने शेकडो लग्नं लागताना पाहिली आहेत आणि घाई कुठे करायची, कुठे थांबायचं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. रात्री भीमगीतं, कव्वाली, भजन, गोंधळ, जे त्या घराचं असेल ते, दहाच्या आत किंवा बंद सभागृहात. पोरांना नाचायला हवं ना? नाचू द्या. हलगीवाल्यासमोर एक तास दिलाने नाचू द्या, आजीलाही त्यांच्यात येऊ द्या. आणि वाजवणाऱ्यांची पंगत पहिल्या पंगतींत, यजमानाने स्वतः वाढलेली.

यांतली कोणती गोष्ट महाग आहे? कोणती गरिबाला झेपणार नाही? छोट्या घरातलं लग्न दोन हलग्या आणि एका सनईवर उभं राहतं आणि कशात कमी पडत नाही. झेपत नाही ती एकच गोष्ट: बैठकीत मान वर करून ‘डीजे येणार नाही’ असं सांगणं. त्याला पैसा लागत नाही, धीर लागतो. आणि ज्या बापाने मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकण्याचा धीर केला, त्याला एवढा धीर जड जाऊ नये.

लग्नातलं संगीत ही यजमानाची जबाबदारी आहे. ती नवरदेवाच्या मित्रांवर, कार्यालयवाल्यावर किंवा गाडीच्या उंचीवर सोपवता येत नाही. तुमच्या दारात जो आवाज निघतो तो तुमच्या घराचा आवाज असतो आणि त्या दिवशी गाव त्यावरूनच तुमचं घर ओळखतं. त्या आवाजाने लेकराचा कान जात असेल, म्हाताऱ्याचा जीव घाबरत असेल, मुहूर्त टळत असेल, शेजारी शाप देत असेल आणि गावातला वाजवणारा उपाशी राहत असेल, तर तो मंगल आवाज नाही, कितीही पैसे मोजलेले असोत. येत्या तिथींना परभणीच्या प्रत्येक घराने हा निर्णय स्वतः घ्यावा, पहिल्या बैठकीत घ्यावा आणि मोठ्या माणसांनी घ्यावा. वाजवणारी माणसं बोलवा. त्यांना पैसे द्या, मान द्या, पंगतीत जागा द्या. लग्न माणसांचं आहे, त्यात माणसांनीच वाजवलं पाहिजे.